विरामचिन्ह आणि अर्थाचा अधिकार

इंग्रजी लेखनातील विरामचिन्हांच्या चुका शोधून त्या दुरुस्त करणे हे काम सामान्यतः मुद्रितशोधकाचे किंवा व्याकरणशिक्षकाचे मानले जाते, आणि त्यात तत्त्वचिंतनाला काही वाव असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. नियम ठरलेले आहेत, ते मोडलेले दिसले की तेथे खूण करायची आणि योग्य चिन्ह घालायचे, एवढाच हा व्यवहार असल्याची समजूत आहे. परंतु अशा प्रत्येक दुरुस्तीमागे एक गृहीतक असते आणि ते क्वचितच बोलून दाखवले जाते: लेखकाला काय म्हणायचे होते हे दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक आहे, आणि कागदावरचे चिन्ह त्या अर्थाशी विसंगत आहे हे तो ओळखू शकतो. लेखक समोर असतो किंवा संदर्भ स्पष्ट असतो तेव्हा हे गृहीतक निर्धोक ठरते. पण ज्या ग्रंथावर कोट्यवधी माणसांची श्रद्धा आहे, ज्याच्या मूळ लेखकांनी आजच्यासारखी विरामचिन्हे वापरलीच नव्हती, आणि ज्याचा अर्थ लावण्यावरून पंथ वेगळे झाले आहेत, अशा ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरात स्वल्पविराम कोठे द्यावा असा प्रश्न उभा राहतो तेव्हा ते गृहीतकच वादाचा विषय होते. दुरुस्ती कोठे संपते आणि अर्थनिर्णय कोठे सुरू होतो, आणि ती सीमा ओलांडणाऱ्यावर कोणते कर्तव्य येते, हा येथील विचाराचा विषय आहे.

वाक्य म्हणजे नेमका किती शब्दांचा समूह, हा प्रश्न भारतीय परंपरेत यज्ञकर्माच्या निमित्ताने फार काटेकोरपणे हाताळला गेला. ऋचेला छंदाची चौकट असते आणि सामाला गानाची. यजुर्मंत्र मात्र गद्य असल्यामुळे एक मंत्र कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे सांगणारी बाह्य खूण त्यात नव्हती, आणि मंत्राचा विनियोग विशिष्ट कर्माकडे असल्यामुळे ते ठरवल्यावाचून गत्यंतरही नव्हते. जैमिनीने मीमांसासूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यासाठी जो निकष दिला त्याचा आशय असा की, जो शब्दसमूह एकच प्रयोजन साधतो आणि ज्याचे तुकडे केल्यास ते तुकडे एकमेकांची अपेक्षा करीत राहतात, तो समूह म्हणजे एक वाक्य. उलट ज्यांना परस्परांची अपेक्षा नाही असे तुल्यबळ भाग असतील तर ती वेगवेगळी वाक्ये समजावीत. या परस्पर-अपेक्षेला ‘आकांक्षा’ म्हणतात. शाब्दबोधाच्या विचारात तिच्या जोडीला ‘योग्यता’ म्हणजे शब्दार्थांचा एकमेकांशी जुळण्याचा पात्रपणा, आणि ‘सन्निधी’ म्हणजे शब्दांचे एकमेकांजवळ असणे, या अटीही सांगितल्या गेल्या. आणि एकवाक्यता शक्य असताना वाक्य तोडणे याला ‘वाक्यभेद’ नावाचा दोष मानले गेले.

इंग्रजीतील विरामचिन्हांच्या नेहमीच्या चुका या निकषावर घासून पाहिल्या तर त्यांचे स्वरूप शालेय नियमांपेक्षा अधिक स्पष्ट होते. ‘द रेन स्टॉप्ड, द फार्मर्स वेन्ट आउट’ या रचनेत दोन पूर्ण, परस्परनिरपेक्ष वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडली आहेत. इंग्रजी व्याकरणात हिला ‘कॉमा स्प्लाइस’ म्हणतात, आणि तेथे एकही चिन्ह नसेल तर तिला ‘रन-ऑन’ म्हणजे एकमेकांत शिरलेली वाक्ये म्हणतात. दोन्हींत आकांक्षा नसताना एकवाक्यतेचा आभास निर्माण केलेला असतो. याच्या उलट ‘बिकॉज द रेन हॅड स्टॉप्ड’ एवढेच लिहून पूर्णविराम दिला तर ‘फ्रॅगमेंट’ म्हणजे वाक्याचा सुटा तुकडा हाती येतो. कारण सांगितले पण कशाचे कारण ते सांगितलेच नाही, म्हणजे आकांक्षा जागी असताना वाक्य बंद केले. लांबलचक कर्त्यानंतर, क्रियापदाच्या आधी, केवळ दम घ्यावासा वाटला म्हणून टाकलेला स्वल्पविराम हाही याच जातीचा दोष आहे, कारण कर्ता आणि क्रियापद यांच्याइतकी एकमेकांची अपेक्षा वाक्यात दुसऱ्या कशातच नसते.

या चुका ओळखणे सोपे असले तरी त्या दुरुस्त करणे वाटते तितके यांत्रिक नाही. वरील कॉमा स्प्लाइस चार प्रकारांनी सुधारता येते: पूर्णविराम देऊन दोन वाक्ये वेगळी करता येतात, अर्धविराम देऊन ती शेजारी ठेवता येतात, ‘सो’ हे उभयान्वयी अव्यय घालून दुसरी घटना पहिलीचा परिणाम म्हणून सांगता येते, किंवा आरंभी ‘आफ्टर’ घालून पहिल्या वाक्याला कालवाचक गौणवाक्य करता येते. व्याकरणाच्या दृष्टीने चारही दुरुस्त्या निर्दोष आहेत, पण त्या चौघींचे म्हणणे एक नाही. पाऊस थांबला आणि शेतकरी बाहेर पडले या दोन घटनांचा संबंध निव्वळ सान्निध्याचा, क्रमाचा की कार्यकारणाचा, हे प्रत्येक दुरुस्ती वेगळे ठरवते. मूळ लेखकाने जो संबंध अनुच्चारित ठेवला होता तो आता दुरुस्ती करणारा उच्चारतो. चूक निर्विवाद असली तरी तिच्यावरचा उपाय हा अल्प प्रमाणात का होईना, अर्थनिर्णय असतो.

एका प्रकारच्या स्वल्पविरामात तर चूकही व्याकरणाने ओळखता येत नाही. ‘द स्टुडंट्स हू हॅड स्टडीड पास्ड’ या वाक्यात स्वल्पविराम नसेल तर ‘हू’पासून सुरू होणारे विशेषणवाक्य नामाची मर्यादा ठरवते, म्हणजे ज्यांनी अभ्यास केला होता तेवढेच विद्यार्थी उत्तीर्ण झाले; उलट त्या विशेषणवाक्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले तर ते केवळ अधिक माहिती पुरवते, म्हणजे सगळे विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि त्या सगळ्यांनीच अभ्यास केला होता. पहिल्याला मर्यादक आणि दुसऱ्याला माहितीपर विशेषणवाक्य म्हणता येईल. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. त्यांतले कोणते चुकीचे हे केवळ वस्तुस्थिती सांगू शकते. मराठीत ‘जे विद्यार्थी… ते’ ही जोडरचना स्वभावतःच मर्यादक असल्यामुळे हा भेद बहुधा वाक्यरचनेतच उमटतो आणि चिन्हावर त्याचा भार पडत नाही. म्हणूनच इंग्रजी लिहिणाऱ्या मराठी माणसाकडून हा स्वल्पविराम सहज सुटतो किंवा नको तेथे पडतो. वरवर किरकोळ वाटणारी ही चूक धर्मग्रंथाच्या संदर्भात किती गंभीर होऊ शकते हे पाहण्यापूर्वी चिन्हांचा अधिकार मुळात कोठून आला हे पाहणे आवश्यक आहे.

प्राचीन ग्रीक लेखन शब्दांमध्ये जागा न सोडता, सलग अक्षरांच्या ओळींत होत असे, आणि वाक्य कोठे तोडायचे हे वाचणाऱ्याच्या शिक्षणावर सोपवलेले असे. इ. स. पूर्व २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या बायझँटियमच्या अरिस्टोफेनीसने ओळीच्या वर, मध्ये आणि खाली बिंदू देऊन विरामाची लांबी दाखवण्याची पद्धत सुचवली. तिचा हेतू मोठ्याने वाचणाऱ्याला श्वासाची जागा सांगणे हा होता. मुद्रणकलेच्या प्रसारानंतर, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यात अर्धविरामाला आजचे रूप मिळाले, आणि पुढे विरामचिन्हे श्वासासाठी नसून वाक्यरचना उघड करण्यासाठी आहेत हा विचार रुजत गेला. इंग्रजीने हे दोन्ही वारसे एकाच वेळी बाळगले. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या मुखपृष्ठावरच ते चर्चमध्ये वाचण्यासाठी नेमलेले असल्याचे नमूद आहे. त्यातील विरामचिन्हे मोठ्याने वाचणाऱ्याच्या सोयीची आहेत, आणि आजच्या वाक्यरचनावादी नियमांनी ती तपासणे हा कालविपर्यास ठरतो. मराठी गद्यानेही आपली विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून घेतली आणि मेजर थॉमस कँडी यांच्या १८५० च्या ‘विरामचिन्हांची परिभाषा’ या पुस्तिकेने त्यांना नियमांची चौकट दिली; त्यामुळे श्वास आणि रचना यांमधली ही ओढाताण मराठी वाचकालाही परकी नाही.

ऑक्सफर्डचे आणि नंतर लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांच्या कार्यात व्याकरण आणि धर्मग्रंथ यांचा सांधा स्पष्ट दिसतो. १७६२ साली त्यांनी लिहिलेले इंग्रजीचे छोटे व्याकरण दीर्घकाळ प्रमाण मानले गेले, आणि विरामांविषयी काटेकोर नियम थोडेच देता येतात, बरेचसे लेखकाच्या विवेकावर सोडावे लागते, हे त्यांनी त्यात मान्य केले होते. त्याआधी, १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, त्यांनी हिब्रू काव्याचे एक मूलभूत लक्षण मांडले: त्यातील एक चरण दुसऱ्या चरणाला समांतर जातो, तोच आशय वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतो किंवा त्याला प्रतितोल देतो. याला समांतरता म्हणतात, आणि विरामाचा निर्णय घेताना ती किती मोलाची ठरते याचे उदाहरण पुढे येईल.

विचाराच्या केंद्रस्थानी ठेवावे असे उदाहरण बायबलच्या नव्या करारात, पौल या प्रेषिताने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, चौदाव्या आणि पंधराव्या वचनांच्या सीमेवर आहे. इ. स. ५० च्या सुमाराचे हे पत्र पौलाच्या उपलब्ध पत्रांतील सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते. थेस्सलनीका येथील ख्रिस्ती मंडळीला स्वतःच्याच देशबांधवांकडून छळ सोसावा लागत होता; पौल त्यांना धीर देताना म्हणतो की यहूदियातील मंडळ्यांनाही यहुद्यांकडून असेच सोसावे लागले, आणि लगेच त्या यहुद्यांचे वर्णन येशूला व संदेष्ट्यांना मारणारे असे करतो. ‘यहुदी’ या नामानंतर इंग्रजी भाषांतरात स्वल्पविराम दिला की पुढचे विशेषणवाक्य माहितीपर होते आणि येशूच्या हत्येचा दोष संपूर्ण यहुदी समाजावर जातो. स्वल्पविराम काढला की ते मर्यादक होते आणि ज्या विशिष्ट यहुद्यांनी ती कृत्ये केली त्यांच्यापुरतेच विधान उरते. विद्यार्थ्यांच्या वाक्यात जो भेद निकालापुरता होता तोच येथे एका संपूर्ण समाजाच्या निर्दोषत्वाचा प्रश्न होतो. फ्रँक गिलियर्ड या अभ्यासकाने १९८९ साली ‘न्यू टेस्टमेंट स्टडीज’ या नियतकालिकातील लेखात या चिन्हाला यहुदीद्वेषी स्वल्पविराम असे थेट नाव दिले आणि ग्रीक रचना मर्यादक अर्थाला अनुकूल असल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला.

हा स्वल्पविराम रुजण्यामागे वाक्यरचनेपेक्षा मुद्रणाचा हात अधिक असावा असे म्हणण्यास आधार आहे. नव्या कराराची आज प्रचलित असलेली वचनविभागणी रॉबेअर एतिएन या मुद्रकाने आपल्या १५५१ च्या आवृत्तीत केली, आणि चौदावे वचन नेमके ‘यहुदी’ या शब्दावर संपवून पंधरावे त्यापुढच्या वर्णनापासून सुरू केले. किंग जेम्स भाषांतरात प्रत्येक वचन नव्या ओळीवर, मोठ्या अक्षराने सुरू होत असल्यामुळे आणि चौदाव्या वचनाच्या अखेरीस अपूर्णविरामासारखे जड चिन्ह आल्यामुळे नाम आणि त्याचे विशेषणवाक्य यांच्यामध्ये जणू भिंत उभी राहिली. आकांक्षा असलेले दोन भाग सन्निधी मोडून वेगळे केले गेले. ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्शन’ या प्रचलित भाषांतराच्या १९८४ च्या आवृत्तीत येथे स्वल्पविराम होता. २०११ च्या आवृत्तीत तो काढण्यात आला.

ही दुरुस्ती केवळ आजच्या नैतिक जाणिवेला सुखावते म्हणून योग्य ठरत नाही. तिला संदर्भाचा आधार आहे. ज्या मंडळ्यांना छळ सोसावा लागला त्या यहूदियातील मंडळ्या बहुतांशी यहुदीच होत्या, आणि लिहिणारा पौलही जन्माने यहुदी होता. छळणारे आणि छळले जाणारे दोघेही यहुदी असताना ‘यहुदी’ या शब्दाने सगळा समाज अभिप्रेत असणे योग्यतेच्या अटीत बसत नाही. तरीही प्रामाणिकपणे हे नोंदवले पाहिजे की स्वल्पविराम काढल्याने सगळा प्रश्न सुटत नाही, कारण त्यापुढील वाक्यांतील निषेधाचा स्वर बराच व्यापक आहे, आणि त्यामुळेच काही अभ्यासकांनी हा सगळा उतारा मागाहून घुसवलेला असल्याची शंका मांडली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट आणि आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही असे जाहीर केले तेव्हा ते व्याकरणाच्या पायावर केले नव्हते. पण शतकानुशतके चर्चमध्ये वाचले जाणारे शब्द ज्या चिन्हांसह वाचले गेले त्यांचा लोकमानसावरील भार त्या घोषणेने अप्रत्यक्षपणे मान्य केला असे म्हणता येते.

दुसरे उदाहरण जुन्या करारातील यशया या ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनातील आहे, आणि ते वेगळा धडा देते. तेथे एका पुकाऱ्याचा उल्लेख आहे, अरण्याचा उल्लेख आहे, आणि परमेश्वराचा मार्ग तयार करण्याची आज्ञा आहे. प्रश्न इतकाच की अरण्य हा शब्द पुकारण्याकडे जातो की मार्ग तयार करण्याकडे. किंग जेम्स भाषांतरातील चिन्हांनुसार पुकारणारा अरण्यात आहे. हिब्रू संहितेत मात्र पुढच्या चरणात वाळवंटात राजमार्ग सरळ करा अशी समांतर आज्ञा आहे, म्हणून लाउथ यांनी मांडलेल्या समांतरतेच्या न्यायाने पहिल्या चरणातही अरण्य हे मार्गाचेच स्थान ठरते. हिब्रू संहिता जपणाऱ्या मासोरा परंपरेतील पठणचिन्हेही विराम पुकारणाऱ्याच्या शब्दानंतरच देतात. १९५२ च्या ‘रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शन’ने त्यानुसार विराम हलवला. मृत समुद्राजवळ कुमरान येथील पंथाने आपल्या नियमग्रंथात हेच वचन आधार म्हणून घेतले आणि अरण्यात जाऊन मार्ग तयार करणे हे आपले कर्तव्य मानले; म्हणजे त्यांच्या वाचनात विराम कोठे होता हे त्यांच्या जीवनपद्धतीवरूनच कळते.

परंतु मार्काच्या शुभवर्तमानाच्या आरंभी हेच वचन अरण्यात उपदेश करणाऱ्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लावलेले आहे, आणि तेथे पुकारणारा अरण्यातच असणे अभिप्रेत आहे. यामागेही मजकुराचे कारण आहे: शुभवर्तमानकारांपुढे असलेल्या ग्रीक भाषांतरात दुसऱ्या चरणातील वाळवंटाचा उल्लेखच नाही, त्यामुळे समांतरता मोडली आणि अरण्य हा शब्द पुकाऱ्याशी जोडणे स्वाभाविक झाले. अशा वेळी एकाच वचनाचे दोन ठिकाणचे विराम भिन्न असणे ही विसंगती नव्हे. एखाद्या सुसंगतीप्रिय संपादकाने यशयाचा विराम मार्काप्रमाणे किंवा मार्काचा यशयाप्रमाणे ‘सुधारला’ तर तो चूक काढत नसून दोन काळांतील दोन प्रामाणिक वाचनांपैकी एक पुसून टाकत असेल. विरामाची शुद्धता केवळ शब्दांवर अवलंबून नसून ते शब्द कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी उद्देशून उच्चारतो यावरही अवलंबून आहे, हे या उदाहरणाने सिद्ध होते.

तिसऱ्या प्रकारात व्याकरण आणि संदर्भ दोन्ही निर्णायक ठरत नाहीत आणि सिद्धांत पुढे सरसावतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात, वधस्तंभावरील एका अपराध्याला येशू सुखलोकात आपल्याबरोबर असण्याचे आश्वासन देतो. त्या वाक्यातील ‘आज’ हे कालवाचक क्रियाविशेषण सांगण्याच्या क्रियेशी जोडायचे की सुखलोकात असण्याच्या, हा वाद स्वल्पविरामाच्या जागेवर उतरतो. बहुतेक इंग्रजी भाषांतरे स्वल्पविराम ‘आज’च्या आधी देतात आणि मृत्यूच्या दिवशीच सुखलोकप्राप्ती होते असा अर्थ सांगतात; यहोवाच्या साक्षीदारांचे ‘न्यू वर्ल्ड ट्रान्स्लेशन’ तो ‘आज’च्या नंतर देते, कारण मृत्यूनंतर पुनरुत्थानापर्यंत माणूस जाणीवरहित असतो अशी त्या पंथाची धारणा आहे. बहुमताच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे: खात्रीने सांगतो या अर्थाचा जो ठरीव वाक्प्रयोग शुभवर्तमानांत वारंवार येतो त्याला इतरत्र कालवाचक शब्द जोडलेला आढळत नाही, आणि आजच तारण झाले असे सांगण्याची लूकची प्रवृत्ती दुसऱ्या अध्यायातही दिसते आणि एकोणिसाव्यातही. दुसऱ्या बाजूलाही अगदी काहीच नाही असे नाही. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथात मी आज तुम्हांला सांगतो अशी गंभीर घोषणेची पद्धत आहे, आणि शुभवर्तमानांच्या एका प्राचीन सिरियाक भाषांतरात ‘आज’ सांगण्याकडेच जातो. पहिले वाचन अधिक संभवनीय आहे असे म्हणणे योग्य आहे. दुसरे ही विरामचिन्हाची चूक आहे असे म्हणणे योग्य नाही.

सिद्धांत बदलला की चिन्हही कसे हलते हे इफिसकरांस पत्रातील चौथ्या अध्यायाच्या बाराव्या वचनात दिसते. ख्रिस्ताने मंडळीला प्रेषित, संदेष्टे, पाळक आणि शिक्षक दिले ते कशासाठी, हे तेथे सांगितले आहे. पवित्र जनांना सिद्ध करणे आणि सेवेचे कार्य यांच्यामध्ये स्वल्पविराम दिला तर ती दोन्ही कामे त्या नियुक्त अधिकाऱ्यांची होतात. तो काढला तर अधिकाऱ्यांचे काम सामान्य श्रद्धावंतांना सिद्ध करण्याचे आणि सेवेचे काम त्या सामान्य श्रद्धावंतांचे होते. ‘रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शन’च्या १९४६ च्या नव्या करारात हा स्वल्पविराम होता आणि १९७१ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो नाहीसा झाला. मधल्या काळात ग्रीक मजकूर बदलला नव्हता. मंडळीच्या कार्यात सामान्य माणसाचा वाटा किती, याविषयीची जाणीव बदलली होती.

सलग उच्चारलेल्या शब्दांत सीमा कोठे आखायची, हा प्रश्न भारतीय वेदान्तालाही सोडवावा लागला आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातील तत्त्वमसि या महावाक्यावर अद्वैत मताने जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य उभारले. मध्वाचार्यांनी मात्र संधीमुळे आधीच्या ‘आत्मा’ या पदाच्या शेवटच्या स्वरात पुढच्या पदाचा ‘अ’ विलीन झाला असल्याचे धरून ते पद ‘अतत्’ असे वाचले, आणि त्यातून भेदाचा सिद्धांत काढला. उच्चारात किंचितही फरक नाही, अक्षरे तीच आहेत, पदच्छेद मात्र परस्परविरुद्ध तत्त्वज्ञानांकडे नेतो. आणि कोणता पदच्छेद योग्य याचा निवाडा अखेर प्रकरणाचा उपक्रम, उपसंहार आणि दृष्टान्तांची संगती यांवरूनच करावा लागतो.

या उदाहरणांवरून सर्वच विराम स्वैर आहेत, ज्याला जो अर्थ हवा त्याने तो घ्यावा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होऊ शकतो, पण तो चुकीचा ठरेल. कॉमा स्प्लाइस ही चूकच आहे आणि वाक्याचा सुटा तुकडा हा तुकडाच आहे; तेथे आकांक्षेचा निकष पुरेसा आहे आणि दुरुस्ती करणाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही. थेस्सलनीकाकरांस पत्रातील स्वल्पविरामासारख्या ठिकाणी व्याकरण दोन्ही अर्थांना वाट देते, पण संदर्भ एका बाजूला झुकतो. तेथे दुरुस्ती करावी, आणि तिचे कारण सांगावे. लूकमधील ‘आज’सारख्या ठिकाणी संदर्भही पूर्ण निवाडा करीत नाही; तेथे छापण्यासाठी कोणता तरी एक विराम निवडावाच लागतो, पण ती निवड आहे हे वाचकाला दिसले पाहिजे. पहिल्या प्रकारातील अधिकार वापरून तिसऱ्या प्रकारातील निर्णय घेणे, म्हणजे व्याकरणशुद्धीच्या नावाखाली आपला सिद्धांत छापून टाकणे, हा या क्षेत्रातील खरा दोष आहे. आणि तो कोणत्याही एका पंथाची मक्तेदारी नाही, कारण बहुमताचे भाषांतरही तळटीप न देता आपला स्वल्पविराम निर्विवाद असल्यासारखा छापते तेव्हा तेच करीत असते.

याविषयीचा प्रामाणिक आदर्श खुद्द १६११ च्या भाषांतरकारांनी घालून दिला होता. माइल्स स्मिथ यांनी वाचकांस उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत, जेथे मूळ शब्दांचा अर्थ संदिग्ध आहे तेथे समासात पर्यायी अर्थ देण्याच्या पद्धतीचे जोरदार समर्थन आहे. अशा समासटीपांनी धर्मग्रंथाची प्रतिष्ठा कमी होईल ही भीती तेथे विचारात घेऊन फेटाळलेली आहे, कारण ज्याविषयी निश्चिती नाही त्याविषयी निश्चित असल्याचा आव आणण्यापेक्षा शंका मान्य करणे अधिक श्रद्धेचे आहे अशी त्यांची भूमिका होती. पुढील काळातील अनेक आवृत्त्यांनी या टीपा गाळल्या आणि मजकूर तेवढा ठेवला, त्यामुळे वाचकांच्या पिढ्यांना विरामचिन्हे ही मूळ ग्रंथाचाच भाग असल्याचा समज झाला. मराठीत हिब्रू व ग्रीकमधून स्वतंत्रपणे बायबलचे भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई यांच्यासारख्या भाषांतरकाराला तर प्रत्येक ठिकाणी स्पष्ट निवड करावी लागते, कारण इंग्रजीत जे एका स्वल्पविरामाने संदिग्ध ठेवता येते ते मराठी वाक्यरचनेत अनेकदा एका बाजूला नेऊनच लिहावे लागते.

विरामचिन्हाची दुरुस्ती हे अर्थाविषयी केलेले विधान आहे, आणि प्रत्येक विधानाप्रमाणे त्यालाही प्रमाण लागते. शालेय निबंधातील स्वल्पविराम हलवणाऱ्याला ते प्रमाण व्याकरणात सापडते आणि त्याचे काम तेथे संपते. एखाद्या समाजाचा अपराध, मृत्यूनंतरची माणसाची अवस्था किंवा जीव आणि ब्रह्म यांचा संबंध ज्या विरामावर किंवा पदच्छेदावर तोलला गेला आहे तो हलवणाऱ्यावर मात्र अधिक जबाबदारी येते: आपण कोणत्या प्रमाणाने तो हलवला हे त्याने सांगितले पाहिजे, ते प्रमाण अपुरे असेल तर तेही सांगितले पाहिजे, आणि दुसऱ्या वाचनाला समासात का होईना, जागा ठेवली पाहिजे. मूळ लेखकांनी चिन्हे न देता जो निर्णय वाचकाच्या विवेकावर सोपवला होता तो त्याच्यापासून हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही संपादकाला मिळत नाही; त्याला मिळतो तो केवळ त्या विवेकाला साहाय्य करण्याचा अधिकार, आणि तो टिकतो तो कारणे उघडपणे मांडली जात असतील तोपर्यंतच.